परदेशी मिशनरींचा मायदेशी परतण्याआधी मुंबईतला मुक्काम : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

वीस-पंचवीस वर्षे आपल्या गावात राहिलेले फादर, सिस्टर किंवा मिशन हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई कायमच्या मायदेशी निघतात, तेव्हा विमान बहुधा मुंबईहून असते. गावातून निघायचे, मुंबईत दोन रात्री राहायचे आणि विमानात बसायचे. ऐकायला सोपे वाटते. पण अशा पाच-सहा निरोपांना मी सोबत गेलो आहे आणि बहुतेक वेळा ते दोन दिवस धावपळीतच संपताना पाहिले आहेत. कुठे बॅगा उघडून रात्री दोन वाजता सामान काढले गेले, तर कुठे शेवटच्या दुपारी बँकेच्या रांगेत उभे राहावे लागले. सत्तरीच्या माणसाचे पाय सुजलेले असताना विमानतळावर पन्नास जणांचे हार गळ्यात पडले, असेही झाले.

मूळ चूक एकच असते. गावात उरकायची कामे ‘ते मुंबईत बघू’ म्हणून पुढे ढकलली जातात आणि मुंबईत ती होत नाहीत. त्या मुक्कामात फक्त झोप, सामानाची अखेरची तपासणी आणि दोन-चार जिवाभावाच्या भेटी व्हाव्यात. बाकी सगळे गाव सोडण्याआधी संपलेले असावे. म्हणून खालच्या टप्प्यांपैकी निम्म्याहून अधिक टप्पे मुंबईच्या आधीचे आहेत. क्रम बदलू नका.

सुरुवात करण्याआधी गावातल्या चर्चच्या मंडळीने किंवा पॅरिशने या कामाला एकच माणूस नेमावा. समिती नको. तिकीट, कागद, गाडी आणि मुक्काम या सगळ्याची माहिती त्याच्या एका वहीत असावी आणि इतरांनी त्यालाच विचारावे.

टप्पा १ : पासपोर्ट, व्हिसा आणि नोंदणी (दोन महिने आधी)

मिशनरी व्हिसावर १८० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याची परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, म्हणजे सगळे ज्याला एफआरआरओ म्हणतात तिथे, नोंदणी झालेली असते. ती असेलच असे गृहीत धरू नका. कागद हातात घेऊन खालील गोष्टी पाहा.

पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही पुरेशी आहे का? व्हिसा किंवा निवास परवान्याची मुदत विमानाच्या तारखेनंतर संपते का? नोंदणीतला पत्ता आजचा आहे का? एका मिशनमधून दुसऱ्या मिशनमध्ये बदली झाली आणि पत्ता जुनाच राहिला, हे फार वेळा दिसते. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला असेल, तर व्हिसा नव्या पासपोर्टावर नोंदवून घेतला आहे का?

यातले काही चुकले असेल, किंवा व्हिसाची मुदत उलटली असेल, तर देश सोडण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागू शकते. तिला एक्झिट परमिट म्हणतात. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. कार्यालयाने बोलावले तर प्रत्यक्ष जावे लागते. परवानगीवर मुदत लिहिलेली असते आणि त्या मुदतीतच निघावे लागते, म्हणून तिकिटाची तारीख आणि अर्ज यांचा मेळ आधी घाला.

> सावधान : मुदत उलटलेली असताना ‘विमानतळावर समजावून सांगू’ म्हणून जाऊ नका. इमिग्रेशनच्या खिडकीवर अडवले, तर तिकीट जाते आणि माणूस मुंबईत अडकून पडतो.

पुढची नेमणूक दुसऱ्या देशात असेल, किंवा मायदेशात मुलांच्या किंवा वृद्धांच्या संस्थेत काम करायचे असेल, तर भारतातल्या वास्तव्याचा पोलिस दाखला बहुधा मागितला जातो. तो इथे असतानाच मागून घ्या. परदेशातून मिळवणे फार कटकटीचे होते. पगार किंवा मानधन घेतले असेल तर प्राप्तिकराच्या ना-हरकत दाखल्याबद्दल संस्थेच्या सीएला याच टप्प्यावर विचारा.

टप्पा २ : सह्या, बँक आणि तो एक मोबाइल नंबर (सहा आठवडे आधी)

जुन्या मिशनऱ्यांची नावे अनेक ठिकाणी असतात. शाळेच्या समितीत, वसतिगृहाच्या खात्यावर, ट्रस्टच्या विश्वस्तांत. ती सगळी एका कागदावर उतरवा. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. राजीनाम्याचे मूळ पत्र, ठरावावरची सही आणि बँकेतले सहीबदलाचे फॉर्म हे सगळे गावातच पूर्ण करा.

> सावधान : कोऱ्या चेकवर, कोऱ्या लेटरहेडवर किंवा रिकाम्या स्टॅम्प पेपरवर ‘नंतर लागेल म्हणून’ सही मागू नका आणि त्यांनाही देऊ देऊ नका. प्रेमापोटी दिलेल्या अशा सह्यांतून पुढे मंडळीत वाद उभे राहतात आणि उत्तर द्यायला ती व्यक्ती इथे नसते.

त्यांच्या वैयक्तिक बचत खात्याचे काय करायचे, हे बँकेत समक्ष जाऊन ठरवा. येणी बाकी असतील तर खाते अनिवासी प्रकारात बदलून घेता येते. काहीच बाकी नसेल तर बंद करावे.

खाते निकाली निघेपर्यंत मोबाइलचे सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम गावातल्या कुणाला तरी देऊन टाकले आणि खात्यातले पैसे अडकले, असे झालेले मी पाहिले आहे. आधी बँक, मग गॅस आणि विजेची नावे, सगळ्यात शेवटी सिम. त्या नंबरला जोडलेले इतर काही राहिले असेल तर तेही आधी सोडवा.

टप्पा ३ : सामान आणि भेटवस्तू (एक महिना आधी)

या टप्प्यावर सर्वात जास्त वेळ द्या, कारण सर्वात जास्त चुका इथेच होतात आणि त्या प्रेमाने होतात.

आधी घरातल्या सामानाचे तीन ढीग करा : सोबत जाणारे, टपालाने जाणारे, इथेच राहणारे. तिसरा ढीग सर्वात मोठा झाला पाहिजे. पुस्तके जड असतात. ती टपालाने पाठवायची असतील तर आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मुख्य टपाल कार्यालयातून पाठवा. वजनाची मर्यादा देशानुसार बदलते आणि कस्टमचा फॉर्म भरावा लागतो, म्हणून एकदा रिकाम्या हाताने जाऊन चौकशी करून या. मुंबईच्या जीपीओत पार्सल शिवून घेण्यात मुक्कामातली अर्धी सकाळ घालवू नका.

*जुन्या वस्तू.* १०० वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, समई, नाणी, चित्र किंवा कोरीव लाकूड देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक, साहित्यिक किंवा शास्त्रीय मोल असलेली हस्तलिखिते आणि कागदपत्रे यांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. हा १९७२ चा कायदा आहे आणि तो कस्टमवाल्यांना पाठ असतो. वस्तू जुनी दिसते पण जुनी नाही, असे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. त्याला वेळ लागतो. मुंबईतल्या दोन दिवसांत तो होईल या आशेवर राहू नका. शंका असलेली पितळी समई सोबत न देणे हाच शहाणपणा.

मिशन बंगल्यातल्या कपाटात बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्या, मोडीतली पत्रे, पहिल्या छापाची मराठी गीतपुस्तके असतात. ‘फादरांनी आठवण म्हणून न्यावीत’ असे कुणी म्हणेल. नेऊ देऊ नका. त्या नोंदींवर आपल्या लोकांचे जन्मदाखले आणि वारसहक्क उभे आहेत. हव्या त्या पानांचे फोटो काढून द्या आणि वही चर्चच्या कपाटात परत ठेवा.

*शाल-श्रीफळ.* शाल आनंदाने जाईल, श्रीफळ जाणार नाही. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते पेटू शकते, म्हणून विमानात चालत नाही. अख्खा नारळही हातातल्या बॅगेतून काढून घेतात. समारंभात नारळ जरूर द्या, पण तो बॅगेत जाऊ देऊ नका. त्याच दिवशी फोडून सगळ्यांना वाटा. कापूर आणि काडेपेटीही सामानात नको. मोरपिसाची निर्यात बंद आहे, म्हणून मोरपिसांचा पंखा किंवा सजवलेली फ्रेम भेट देऊ नका.

*खाऊ.* काय चालते ते पोहोचण्याच्या देशावर ठरते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप असे काही नको. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची आणि लाकडाची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. लपवली तर दंड होतो. बियाणे, रोपे आणि माती जवळपास कुठेच सहज चालत नाही. अंगणातली मूठभर माती पुडीत बांधून न्यायची इच्छा त्यांना होते. ती समजण्यासारखी आहे, पण पलीकडे उतरल्यावर ती पुडी कचऱ्यात जाते. त्यापेक्षा त्या अंगणाचा फोटो द्या, किंवा अंगणात बसून सगळ्यांनी म्हटलेले गीत मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या.

शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, मेतकूट, पापड असे कोरडे पदार्थ जड बॅगेत द्या. पुडी दुकानातली, छापील नावाची असेल तर समजावून सांगावे लागत नाही. लोणचे आणि तेलकट चटणी हातातल्या बॅगेत अजिबात नको.

*वजन.* बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो देतात, पण तिकिटावर लिहिलेले वजनच खरे. गावातल्या किराणा दुकानातल्या काट्यावर बॅग ठेवा आणि प्रत्येक बॅगेत दोन किलो जागा रिकामी सोडा. मुंबईत भेटायला येणारे काही ना काही देणारच. घोंगडीचे वजन आधी करा. ती दिसते त्यापेक्षा बरीच जड असते.

> तपासणी : मंडळीने भेटवस्तूंची यादी आधी ठरवली का? प्रत्येक घरातून एक वस्तू, असे झाले तर निम्म्या इथेच राहतात आणि देणाऱ्याचे मन दुखते. सर्वांची मिळून एकच सपाट, हलकी वस्तू द्या.

टप्पा ४ : विमानाची तारीख मराठीत लिहून काढा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, पण तो न केल्याने विमाने चुकली आहेत.

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ०१:४०’ लिहिले असेल तर १४ तारखेच्या रात्री निघायचे असते. १५ च्या संध्याकाळी गाडी ठरवली, तर विमान जाऊन अठरा-वीस तास झालेले असतात. म्हणून वहीत असे लिहा : ‘सोमवार, १४ तारीख. रात्री ८ला मुक्कामावरून गाडी. रात्री १०ला विमानतळ. विमान मध्यरात्रीनंतर १:४०ला.’ हा कागद ड्रायव्हरला, यजमानांना आणि पाळकांना पाठवा. निरोपाची प्रार्थना १४ च्या संध्याकाळी, हेही त्याखाली लिहा.

विमानतळाचे नाव वाचा. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाची आंतरराष्ट्रीय विमाने अंधेरी पूर्वेच्या टर्मिनल २ वरून, म्हणजे सहारहून सुटतात. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे ‘मुंबई’ एवढ्यावर भागत नाही. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, तेही पाहा. गावात सगळे ज्या नावाने हाक मारतात ते पासपोर्टवर नसते.

चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर विमान कंपनीकडे किमान दोन दिवस आधी नोंदवा. ‘मला नको’ असे ते म्हणतील. तरी नोंदवा. टर्मिनल २ मध्ये चालणे बरेच आहे.

टप्पा ५ : गावातून निघणे

विमानाच्या दोन रात्री आधी मुंबईत पोहोचा. एक रात्र कमी पडते, तीन रात्री जास्त होतात आणि मन आणखी जड होते.

मोठा निरोप समारंभ निघण्याच्या किमान तीन दिवस आधी करा. आदल्या रात्री बारापर्यंत भाषणे आणि पहाटे पाचला प्रवास, हे वयस्कर माणसाला झेपत नाही. समारंभ आणि प्रवास यांच्यामधले दोन दिवस त्यांना एकटे सोडा. कुणाच्या घरी चहाला जायचे असते, कुणाच्या कबरीवर फूल ठेवायचे असते.

पुणे, नाशिक किंवा मिरजेहून येत असाल तर रेल्वे बरी. डेक्कन क्वीन, पंचवटी किंवा रात्रीची महालक्ष्मी यांचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. अहिल्यानगरकडून गाडीने येणाऱ्यांनी पावसाळ्यात माळशेज घाट टाळावा. दरड पडली की तासन्‌तास अडकायला होते. पुण्याकडून या आणि अंधार पडायच्या आत मुंबईत शिरा.

पासपोर्ट, तिकीट, औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत. ही पिशवी दुसऱ्या कुणीही ‘द्या, मी धरतो’ म्हणून घेऊ नये.

टप्पा ६ : मुंबईत कुठे उतरायचे

कॉन्व्हेंट, मिशनचे अतिथीगृह, वायएमसीए-वायडब्ल्यूसीएसारखी वसतिगृहे, हॉटेल किंवा एखाद्या मराठी कुटुंबाचे घर, सगळे चालते. वय जास्त असेल तर मी विमानतळाच्या जवळ, अंधेरी-मरोळ भागात राहायला सांगेन. कुलाब्याचा मुक्काम सुंदर, पण संध्याकाळी तिथून सहारला दीड तास सहज लागतो.

> सावधान : परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती, जिला सगळे फॉर्म सी म्हणत आले आहेत, सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरणे यजमानाचे काम आहे. हॉटेल ते आपोआप करते. कॉन्व्हेंट, पाळकाचे घर आणि खासगी कुटुंब यांनाही तो नियम लागू आहे आणि तिथेच तो विसरला जातो. ‘एकच तर रात्र आहे’ ही सबब चालत नाही. यजमानांना आठवडाभर आधी सांगा म्हणजे पोर्टलवर खाते तयार राहील.

सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेच्या आठवड्यात बांद्र्याला मुक्काम नको. अनंत चतुर्दशीच्या दिवशी प्रवासच नको.

टप्पा ७ : पहिला दिवस

काही करू नका. आंघोळ, जेवण, झोप.

संध्याकाळी तासभर बसून बॅगा पुन्हा जोखा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, कात्री आणि सुरी जड बॅगेत. द्रव वस्तू हातातल्या बॅगेत १०० मिलिपर्यंतच्या बाटलीत. भारतीय नोटा मोजा : बाहेर जाताना २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. निरोपाच्या पाकिटांत मिळालेली रक्कम यात धरली जाते आणि ती पाकिटे बहुधा कुणी उघडलेलीही नसतात. ती आजच उघडा.

टप्पा ८ : दुसरा दिवस

एकच ठिकाण, एकच भेट. कुठे जायचे ते त्यांना विचारा, तुम्ही ठरवू नका. कुणाला भायखळ्याच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये शेवटची मराठी उपासना हवी असते, कुणाला बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना ही प्रार्थना मराठीत. कुणाला शिवडीच्या दफनभूमीत आपल्या जुन्या सहकाऱ्याची कबर पाहायची असते. एका सिस्टरांना फक्त गिरगाव चौपाटीवर तासभर बसायचे होते. त्या काहीही बोलल्या नाहीत, आम्हीही बोललो नाही. मला तो दिवस सर्वात नीट पार पडलेला वाटतो.

मरोळकडे उतरला असाल तर दक्षिण मुंबईत जायला भुयारी मेट्रो सोपी. टर्मिनल २ जवळून थेट गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेटपर्यंत जाते. रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो, हे लक्षात ठेवा. दुपारी तीनच्या आत मुक्कामावर परत.

या दिवशी मुंबईतली ओळखीची माणसे येतात आणि काहींच्या हातात मुलाचा बायोडाटा असतो. शिष्यवृत्ती, व्हिसा, नोकरी. निघणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणून ओझे घेऊन जावे लागते. सोबतच्या जबाबदार माणसाने अशा चिठ्ठ्या स्वतःकडे घ्याव्यात आणि पुढे पत्राने पाठवाव्यात.

शेवटची प्रार्थना मुक्कामावरच, गाडीत बसण्याच्या तासभर आधी करा. हार, फुले, फोटो सगळे तिथेच. फुले मग तिथेच ठेवून निघा.

जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा : पोहोचल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला तरी, तिथल्या डॉक्टरांना ‘मी भारतात राहत होतो, मलेरियाची तपासणी करा’ असे सांगायचे. तिथल्या डॉक्टरांच्या ते चटकन लक्षात येईलच असे नाही.

टप्पा ९ : विमानतळ

विमानाच्या तीन तास आधी दारात पोहोचा. व्हीलचेअर असेल तर साडेतीन. टर्मिनलच्या आत तिकीट असलेल्यांनाच सोडतात आणि बाहेर गाडी फार वेळ थांबू देत नाहीत, म्हणून दोघांहून जास्त माणसांनी जाऊ नये. बस भरून गेलेल्या मंडळीला फूटपाथवरून हात हलवण्यापलीकडे काही मिळत नाही आणि निघणाऱ्याचे लक्ष रडणाऱ्या माणसांकडे राहून पासपोर्टची पिशवी ट्रॉलीवरच राहते.

उतरताना मोठ्याने मोजा : जड बॅगा किती, हातातली एक, खांद्यावरची एक. पासपोर्ट हातात.

त्यांना आत सोडल्यावर लगेच निघू नका. गाडी पार्किंगमध्ये लावा आणि फोन चालू ठेवा. वजन जास्त भरले तर काढलेली वस्तू परत घ्यायला बाहेर कुणीतरी लागते, आणि कागदात अडचण आली तर एफआरआरओच्या कागदांच्या प्रती तुमच्याच वहीत असतात. चेक-इन, मग इमिग्रेशन. ‘शिक्का बसला’ असा त्यांचा मेसेज येईपर्यंत तिथेच थांबा. मग गावी फोन करा. तिथेही कुणी झोपलेले नसते.